हॉर्टाची अंडी

‘स्टार ट्रेक’ बघितलेला माणूस भेटला की बोलणं बहुतेक वेळा यानाच्या वेगावर, नाहीतर मिस्टर स्पॉकच्या टोकदार कानांवर जातं. मला त्यातली एकही लढाई धड आठवत नाही. मूळ मालिकेचे १९६६ ते १९६९ या काळात ७९ भाग झाले. त्यातलं जे माझ्या मनात रुतून बसलंय ते हातात हत्यार असून थांबलेल्या माणसांचं आहे. त्यातला एक भाग तर आमच्या जुन्नर भागातल्या ऊसवाल्यानं बघावा आणि मग बोलावं, असा आहे. १९६७ च्या मार्चमध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. नाव ‘द डेव्हिल इन द डार्क’. अंधारातला सैतान म्हणा.

गोष्ट खाणीतली. जानस नावाचा दूरचा ग्रह, तिथं माणसं जमिनीखाली खणतात. पेर्जियम नावाचं खनिज निघतं, त्यावर कितीतरी ग्रहांच्या भट्ट्या चालतात. तेविसावा मजला उघडला आणि माणसं मरायला लागली. पन्नासच्या वर गेली. मारणारं जे काही आहे ते ढेकळातून नांगर जावा तसं खडकातून आरपार जातं. अंगातून तेजाबासारखं काही सोडतं, त्यात दगड विरघळतो आणि माणूसही. खाणीचा प्रमुख व्हँडरबर्ग रडकुंडीला आलाय. कॅप्टन कर्क, स्पॉक आणि शिपाई येतात ते त्या जनावराचा निकाल लावायलाच.

व्हँडरबर्गच्या टेबलावर एक दगडी गोळा ठेवलेला असतो. नव्या मजल्यावर असले हजारो सापडले, कशाच्या उपयोगाचे नाहीत, असं तो सांगतो. स्पॉक तो हातात घेतो, फिरवून बघतो, ठेवतो. कॅमेरा पुढं जातो. लेखक जीन कून यानं सगळी गोष्ट त्या गोळ्यात भरून आपल्यापुढं ठेवली आहे आणि आपण खाणवाल्यांसारखेच तिच्याकडं न बघता पुढं जातो. ही चलाखी नव्हे. रहस्य दडवून ठेवणारे लेखक पुष्कळ असतात. सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवूनही ते दिसू नये, याला माणसं काय बघतात आणि काय बघत नाहीत याची जाण लागते.

मग तो प्रसंग. स्पॉकचं म्हणणं आधीपासून असं की हे जनावर बहुधा आपल्या जातीतलं शेवटचं आहे, त्याला मारू नये. कर्क म्हणतो, माणसं मरतायत, मारायलाच हवं. पुढं भुयार ढासळतं, दोघं वेगळे पडतात आणि कर्क एकटाच त्याच्या समोर येतो. लांबून स्पॉकचा आवाज येतो, कॅप्टन, ताबडतोब मारा! मित्राच्या जिवावर बेतलं तसं त्याचं सगळं तत्त्वज्ञान गळून पडलं. आणि ज्याला मारायचंच होतं तो कर्क हत्यार रोखून नुसता बघत राहतो. हत्यार वर केलं की जनावर मागं सरतं. मग ते वळतं, अंगावरची जखम दाखवतं. कर्क खाली बसतो.

दोन माणसांनी आपापली बाजू सोडली आणि एकमेकांची घेतली, तेही भाषण न करता. या मालिकेत भाषणं काही कमी नाहीत, कर्कला ती फार आवडतात. इथं मात्र तो गप्प आहे म्हणून हा प्रसंग उभा राहतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या खोलीत एक काळा-पांढरा टीव्ही होता, बांबूवर अँटेना. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं. एकजण बाहेर अँटेना फिरवायचा, आतले ‘आलं, आलं, थांब’ म्हणून ओरडायचे. स्पॉकनं जनावराच्या अंगावर हात ठेवला आणि तो कळवळून ओरडायला लागला, तेव्हा माझे चुलते म्हणाले, “आरं, पोटुशी न्हाय तर बाळतीण हाय ती. पोरांवर आल्याबिगर असं जनावर अंगावर येत न्हाय.” खुलासा पडद्यावर पुढं होणार होता. तो गोळा म्हणजे अंडं. हजारो अंडी खाणवाल्यांनी टाकाऊ दगड म्हणून फोडली होती. त्या जातीत पन्नास हजार वर्षांनी सगळे मरतात, एकच मादी अंडी राखायला उरते. ही ती. हॉर्टा.

चुलत्यांना ते आधी कळलं याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. गोठ्यातली व्यालेली म्हैस त्यांनी पाहिली होती. पण लिओनार्ड निमॉयचा अभिनय किती खरा होता, याची यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही. समोर जनावर म्हणून जे होतं ते एक कातडं पांघरून रांगणारा माणूस, यानोश प्रोहास्का. ते सोंग त्यानंच बनवलं होतं. गोधडीवर पिठलं सांडल्यासारखं दिसतं ते. गुहेची जमीन तर सारवल्यासारखी सपाट. तरी निमॉय ओरडतो तेव्हा दुखतं. याच भागाच्या चित्रीकरणात कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरला वडील गेल्याचा निरोप आला आणि त्याला अंत्यविधीला जावं लागलं. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. त्यानंतर तो भाग बघताना नजर जरा त्याच्या चेहऱ्याकडंच जाते.

आता आमच्याकडचं. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, कालवे झाले, ऊस आला. ऊस वर्षभर, कधी सव्वा वर्ष उभा असतो. आत सावली, पाणी जवळ, कुत्री-डुकरं खायला. बिबट्याची मादी तिथं वितेल नाहीतर काय करील! तोडणीची टोळी फडात शिरते, कोयता चालत चालत मधोमध येतो आणि वाढ्यांत मांजराएवढी दोन-तीन पिल्लं सापडतात. आमचा तेविसावा मजला तो. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं क्रेटमध्ये घालून अंधार पडायच्या आत त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते, एकेक तोंडात धरून नेते.

पण ज्याच्या घरातलं पोर बिबट्यानं नेलं त्याला हे सांगायला तोंड लागतं. म्हणून मला या भागातले खाणवाले खलनायक वाटत नाहीत. शेवटी ते दांडकी घेऊन धावत येतात आणि कर्क आपल्याच माणसांवर हत्यार रोखून आडवा उभा राहतो. तेव्हा व्हँडरबर्ग विचारतो, माझी पन्नास माणसं गेली, त्याचं काय? कर्क त्यावर अंड्यांचं सांगतो. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनीनं त्या वेळी खाणवाल्यांचे चेहरे दाखवलेत. आपण काय करून बसलो हे त्यांना कळतं. पण मेलेल्यांची नावं कुणी घेत नाही. तिथं मला हा भाग थोडा पळपुटा वाटतो.

त्याहून मोठी पळवाट पुढं आहे. तडजोड अशी होते की पिल्लं भुयारं पाडतील, खाणवाले मागून खनिज उचलतील. सगळे श्रीमंत! व्हँडरबर्गचा राग दोन मिनिटांत उतरतो. मला विचारायचंय, हॉर्टाच्या खणण्यातून कुणाला दमडी मिळणार नसती तर? ती नुसतीच आई असती, माणसाच्या काडीच्या उपयोगाची नसती, तर ती दांडकी खाली गेली असती का? बिबट्या आमचा ऊस तोडून देत नाही. कारखान्यावर त्याच्या नावानं टनभर काही जमा होत नाही. लेखकानं सगळ्यात अवघड प्रश्न नेमका टाळला. आणखी एक, अख्ख्या भागात बोलणारी बाई एकही नाही. एवढी आईची गोष्ट, आणि आई तेवढी मुकी.

उपयोगाचा हिशेब न जुळणारा प्रसंग याच मालिकेत पुढच्याच महिन्यात आला, ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’. हार्लन एलिसननं लिहिलेला. आपल्या पटकथेत केलेले बदल त्याला शेवटपर्यंत पटले नाहीत. कर्क १९३० च्या मंदीतल्या न्यूयॉर्कला जातो. भुकेल्यांना जेवू घालणाऱ्या एडिथ कीलरवर त्याचा जीव जडतो. पण ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळं अमेरिका युद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार. रस्त्यात गाडी तिच्या अंगावर येते. डॉक्टर मॅकॉय तिला वाचवायला झेपावतो आणि कर्क त्यालाच मिठी मारून धरून ठेवतो. गाडी आपल्याला नीट दिसतही नाही, आवाज येतो. इथंही एक माणूस थांबलाय, पण त्या थांबण्यानं जीव जातो.

हॉर्टाचा भाग यानावर हसण्यात संपतो. पिल्लं बाहेर आली, खणायला लागली, अशी बातमी नुसती ऐकू येते. पडद्यावर एकही पिल्लू दिसत नाही. मग स्पॉकच्या कानांवरून थट्टा. एडिथच्या भागात शेवटी कुणी हसत नाही. कर्क एवढंच सांगतो, इथनं चला. आणि मागं ओसाड खडकांवर वारा वाहत राहतो.