गोधडीचा आतला थर

मराठी लेखनात गोधडी आली की पाठोपाठ ‘मायेची ऊब’ येतेच. आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर, आईचा पदर असे तुकडे एकत्र येतात आणि वाचक गहिवरतो. या ठरीव वाचनात कापड मात्र कोणी पाहत नाही. गोधडी मुळात शिवली जाते ती टंचाईतून, फाटके टाकून देणे परवडत नाही म्हणून. मग गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठीच मुद्दाम शिवलेली गोधडी वाचायची कशी? या प्रश्नासाठी दूरची दोन उदाहरणे उपयोगी पडतात. दोन्ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या जीवनातली आहेत. एक प्रत्यक्षातले, दुसरे कथेतले.

अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड ही वस्ती आहे. तेथे अनेकांचे आडनाव पेटवे. ते आले त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मालकाकडून. या वस्तीतील मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. मुलगी अर्लोन्झिया मदतीला होती. नवऱ्याची आठवण राहावी आणि त्याच्या प्रेमासाठी ती पांघरता यावी, असा आईचा हेतू होता, हे तिनेच पुढे सांगितले. आठवण आणि पांघरणे या दोन गोष्टी मिसूरीबाईंच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

२००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्यांची तुलना मातीस आणि क्ली यांच्या चित्रांशी झाली. या बायकांच्या रचनादृष्टीला उशिरा का होईना मान मिळाला, हे मोलाचेच. पण चित्रातला फिकट निळा रंग चित्रकाराने निवडलेला असतो. इथला निळा उन्हाने, घामाने आणि धुण्याने फिका झालेला आहे. कामाच्या कपड्यांच्या अशा गोधड्यांत मध्येच एखादा गडद चौकोन दिसतो. तिथे खिसा होता. तो उसवल्यावर खालचा मूळ रंग उघडा पडला. नुसती रंगसंगती पाहणाऱ्याला तो चौकोन दिसतो, खिसा दिसत नाही.

दुसरे उदाहरण अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ या १९७३ सालच्या कथेचे. शिकून शहरी झालेली डी घरी येते आणि आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगण्यासाठी मागते. धाकटी मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकेल, ही तिची तक्रार. आई गोधड्या मॅगीलाच देते. या निर्णयाचे समर्थन सोपे आहे. मॅगीला गोधडी शिवता येते; जुनी विरली तर ती नवी शिवेल. म्हणजे वारसा कापडात नसून हातात आहे.

हे उत्तर मला अपुरे वाटते. मॅगी नवी गोधडी शिवेल, पण आजीचा झगा कुठून आणेल? त्या गोधड्यांपैकी एकीत पणजोबांच्या यादवी युद्धातल्या गणवेशाचा काडेपेटीएवढा तुकडा आहे. तो गेला की गेला. डी उर्मट आहे म्हणून तिची भीती खोटी ठरत नाही. आठवणीच्या गोधडीतला खरा पेच हाच: वापरावी तर माणसाची शेवटची खूण झिजते, जपावी तर ती पांघरूण उरत नाही.

आपल्या गोधडीने या पेचाला एक तिसरी वाट ठेवली आहे, आणि ‘मायेची ऊब’ म्हणून मोकळे होणाऱ्या समीक्षेने ती कधी तपासली नाही. गोधडी विरली की तिच्यावर दुसरे लुगडे घालून पुन्हा धावदोरा भरतात. जुना दर्शनी भाग आत जातो आणि गाभा होतो. आजीचे लुगडे आता दिसत नाही. पण गोधडीच्या वजनात आणि जाडीत ते असते. ते टांगले जात नाही, टाकलेही जात नाही. अर्थात हे भावनेने ठरवलेले नसते. नवे पांघरूण घेण्याची ऐपत नसते, म्हणून जुने आत जाते. गरज आणि आठवण तिथे एकाच दोऱ्याने शिवली जातात, आणि त्यांतली एक उसवून दुसरी दाखवणे हे गोधडीचे वाचन नव्हे.

म्हणून अशा गोधडीसमोर उभे राहिल्यावर ती किती सुंदर आहे किंवा किती हळवी आहे, हे प्रश्न नंतरचे. आधी विचारायला हवे, की हे कापड अंगावर असताना कोण काय काम करत होते, ते कुठे झिजले, आणि आत काय आहे. या प्रश्नांना भिंत पुरत नाही आणि गहिवरही पुरत नाही. त्यासाठी गोधडी हातात घेऊन तिचे वजन जोखावे लागते.