‘वायुशोधक’ : एका संज्ञेची चिकित्सा
पनवेल तालुक्यातील तळोजे औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कामगाराने अंगावर वागवावयाच्या छोट्या उपकरणास ‘वायुशोधक’ म्हणणे सुटसुटीत खरे. परंतु ‘चाहूल’ आणि ‘ओळख’ या दोन भिन्न क्रिया ही संज्ञा एकत्र गुंडाळते. कार्बन मोनॉक्साइडचा विद्युत्-रासायनिक संवेदक हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो; प्रकाश-आयनीकरणावर चालणारे यंत्र अनेक सेंद्रिय बाष्पांचा एकत्रित आकडा दाखविते, त्यांची नावे सांगत नाही. नाकावर विसंबावे, तर हायड्रोजन सल्फाइड दशलक्षांत सुमारे 100 भाग होताच घ्राणशक्तीच बधिर करतो. म्हणून चाहूल देणाऱ्यास ‘वायुसूचक’ व ओळख पटविणाऱ्यास ‘वायुनिश्चायक’ म्हणावे, असे आम्हांस वाटते. येथे शब्दाची शिथिलता प्राणावर बेतू शकते.