वितळवलेल्या पुतळ्यांची नोंद

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस इ.स. 14 मध्ये वारला, तेव्हा तो 75 वर्षांचा होता. त्याचे दात किडके आणि विरळ होते, बांधा ठेंगणा होता, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. पुतळ्यांतला चेहरा मात्र शेवटपर्यंत तरुणच राहिला. याला प्रचार म्हणावे आणि प्रचार म्हणजे खोटे, असे मी बरीच वर्षे मानत आलो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मिळेल ते वाचत गेलो. रोनाल्ड साइमच्या 1939 च्या ग्रंथाने हे मत पक्के केले. आता ते अपुरे वाटते.

प्रिमा पोर्ता येथे 1863 मध्ये सापडलेला ऑगस्टसचा संगमरवरी पुतळा पाहा. त्याच्या चिलखतावर एक पार्थियन रोमन सैन्याचे निशाण परत करतो आहे. घटना खरी आहे. इ.स.पू. 53 मध्ये क्रॅससने गमावलेली निशाणे इ.स.पू. 20 मध्ये परत आली, पण वाटाघाटींनी. शिल्पकाराने खोटे काही कोरलेले नाही. त्याने तह चिलखतावर कोरला, एवढेच. पाहणाऱ्याला विजय दिसतो.

ऑगस्टसच्या आत्मवृत्तातही हीच रीत आहे. रोममधले आपले सुमारे 80 चांदीचे पुतळे आपण काढून टाकले आणि त्या पैशातून अपोलोच्या मंदिराला सोन्याच्या वस्तू अर्पण केल्या, असे तो नोंदवतो. पुतळे गेले, विनय लेखात कायम झाला.

पण हा लेख टिकला कुणामुळे? रोममध्ये त्याच्या समाधीपुढे लावलेले कांस्यपट नष्ट झाले. आज आपण तो वाचतो, तो मुख्यतः अंकाऱ्यातल्या मंदिराच्या भिंतींवरून. तिथे लॅटिनसोबत ग्रीक भाषांतरही आहे. त्याचे मोठे अवशेष एकट्या गलेशिया प्रांतात मिळाले. साम्राज्यभर हुकूम सुटला असता, तर असे झाले नसते. पुढाकार प्रांतातलाच दिसतो. या काळातल्या प्रतिमा केवळ वरून लादलेल्या नव्हत्या, लोकांनीही त्या आपणहून उचलल्या, हा पॉल झांकरचा 1987 मधला मुद्दा मला इथे पटतो.

मग साइम चुकला का? नाही. ही सत्ता यादवी युद्धात, रक्त सांडून मिळवलेली होती. झांकर वाचताना त्याचा विसर पडू शकतो, हा त्या पुस्तकाचा धोका. पण तीच सत्ता पुढे 40 वर्षे टिकली, ती पाहणाऱ्यांच्याही हातभाराने. ‘बिचारे फसले’ म्हणून मी त्यांना सोडून देत होतो. छिन्नी त्यांच्याही हाती होती.