शंख नसलेल्या शंखाचं वर्णन

१८३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आयझॅक ली यांनी गोड्या पाण्यातल्या एका नव्या शंखाचं वर्णन अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापलं. शंख टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलजवळ, कंबरलंड नदीतला. त्याचं नाव ठेवलं ‘व्हॅल्व्हाटा अरेनिफेरा’, म्हणजे वाळू वाहणारी व्हॅल्व्हाटा. मजकूर जेमतेम काही ओळींचा आहे. गंमत अशी की त्यात वर्णिलेली गोगलगाय जगात नाही. तो शंख नव्हताच. ते कॅडिसमाशीच्या अळीचं घरटं होतं. प्राणिशास्त्राच्या इतिहासात हा किस्सा हसण्यावारी नेला जातो. मला मात्र जातिवर्णन नावाच्या रूक्ष लेखनप्रकारातला हा एक अव्वल नमुना वाटतो.

आधी लेखकाबद्दल थोडं. ली हे पेशाने प्रकाशक. मॅथ्यू केरी या नामांकित प्रकाशकाचे जावई आणि पुढे ‘केरी अँड ली’ या पेढीचे भागीदार. कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस नद्यांतल्या शिंपल्यांच्या नादी लागला आणि आयुष्यभरात अठराशेच्या वर नव्या जाती नोंदवून बसला. त्यांतल्या कितीतरी पुढच्या अभ्यासकांनी एकमेकींत विलीन करून टाकल्या. थोडक्यात, ली यांना नवी जात जरा लवकरच दिसायची! पण डोळा पक्का होता, आणि लिहिण्याची शिस्त त्याहून पक्की. आधी लॅटिनमध्ये लक्षणं, मग तीच इंग्रजीत, मग कुठे सापडला ते ठिकाण, इंचातलं मोजमाप, आणि सरतेशेवटी मोकळेपणाने लिहिलेला शेरा. पारंपरिक बंदिशीसारखा हा साचा ठरलेला असतो. लेखकाची ओळख पटते ती शेऱ्यात.

या शेऱ्यातलं एक वाक्य संशोधक अजून उद्धृत करतात. आशय असा, की आपले वेढे वाळूच्या कणांनी बळकट करण्याचा विलक्षण गुण या शंखात आहे आणि त्या कणांनी तो पुरता झाकलेला असतो. हे वाक्य सावकाश वाचावं. ‘पुरता झाकलेला’ हे निव्वळ निरीक्षण आहे. भिंग घेऊन बसलेला कोणीही ते करील. ‘बळकट करण्याचा गुण’ म्हणताना मात्र ली निरीक्षणाच्या पलीकडे गेले. नदीतल्या शंखावर वाळू आपसूक चिकटते, त्यात नवल ते काय, असं म्हणून ते सुटू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. कण एकमेकांना इतके नेटके बसलेले होते, की हे गाळाचं काम नाही, कोणीतरी मुद्दाम केलेलं आहे, हे त्यांनी ओळखलं. करणारा कोण, एवढंच चुकलं.

आणि ती चूकही वेडगळ नव्हती. समुद्रात झेनोफोरा नावाचा शंख आहे. तो आपल्या कवचावर खडे आणि दुसऱ्यांचे शिंपले चिकटवत वाढतो, हे शंखप्रेमींना ली यांच्या आधीपासून ठाऊक होतं. खाऱ्या पाण्यात हे चालतं, तर गोड्या पाण्यात का चालू नये? शिवाय वेटोळं, खालच्या बाजूची नाभी, गोल मुख ही सगळी लक्षणं तिथे होती. व्हॅल्व्हाटा ही खरीखुरी प्रजाती अशीच बसक्या वेटोळ्याची आणि गोल तोंडाची असते. म्हणजे लक्षणांच्या यादीतली एकही ओळ खोटी नाही. वाळूखाली चुनखडी कवच असणार, हे तेवढं गृहीत धरलेलं. खरवडून पाहिलं असतं तर वाळूखाली रेशमाच्या गुळगुळीत अस्तराखेरीज काहीही सापडलं नसतं.

त्या घरट्याकडे जरा जवळून बघायला हवं. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून थोडं मोठं, आणि आत राहणारी अळी स्वतःच वळलेली. खालच्या ओठाशी उघडणाऱ्या ग्रंथीतून ती रेशीम काढते. कॅडिसमाश्या फुलपाखरं आणि पतंगांच्या सगळ्यात जवळच्या नातलग, त्यामुळे रेशीम घराण्यातच आहे. फरक इतकाच की हे रेशीम ओल्या दगडावर, वाहत्या पाण्यातसुद्धा चिकटतं. अळी पुढच्या पायांनी कण धरते, फिरवून बघते, पसंत पडला तर मुखाच्या काठावर रेशमाने टाचते, नाहीतर टाकून देते. घरटं फक्त या काठानेच वाढतं. बाहेरच्या बाजूने जास्त आणि आतल्या बाजूने कमी भर घातली की नळी आपोआप वळत जाते. अशी पाठ गोलसर आणि बसकी असेल तर प्रवाहातल्या दगडावरचं शेवाळ खरवडत हिंडणाऱ्या प्राण्याला पाण्याचा रेटा कमी लागत असणार. कोषात जायची वेळ आली की अळी घरटं दगडाला जखडते आणि तोंडावर रेशमाचं झाकण बसवते. त्या झाकणात पाणी खेळण्यापुरती एक फट असते. झाकण लावलेलं असं घरटं हातात आलं तर शंखांचा अभ्यासक त्याला शंख म्हणणार नाही तर काय म्हणणार!

पुढची हकीकत झटपट सांगता येते. १८५६ मध्ये फोन झीबोल्ड यांनी अशा घरट्यांच्या मालकिणींसाठी ‘हेलिकोप्सिकी’ ही प्रजाती उभी केली. १८६१ मध्ये हेगन यांनी उत्तर अमेरिकेतल्या एका लहानशा, पिवळट तपकिरी पंखवाल्या माशीचं वर्णन ‘नोटिडोबिया बोरिॲलिस’ नावाने केलं. म्हणजे प्रजाती तिथेही चुकलीच. आज ती ‘हेलिकोप्सिकी बोरिॲलिस’ म्हणून ओळखली जाते. कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत पसरलेली ही जात कोमट झऱ्यांतही तग धरते. ली यांचा वाळूचा शंख सहसा तिच्याच खात्यावर मांडला जातो.

कॅडिसमाशीचं शास्त्रीय वर्णन आता वेगळ्या तऱ्हेने लिहिलं जातं. रॉबर्ट मॅक्लाक्लन यांनी १८७४ ते १८८० या काळात युरोपातल्या कॅडिसमाश्यांवरचा आपला ग्रंथ काढला आणि नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननावयवांची बारीक चित्रं दिली. तेव्हापासून जात ठरते ती प्रामुख्याने तिथे. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून पारदर्शक करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि एकेका काट्याची, एकेका फाट्याची नोंद घ्यायची. असा मजकूर वाचताना दमछाक होते, पण तो फसवत नाही. अळी आणि माशी एकाच जातीच्या आहेत हे सिद्ध करायचीही एक सुरेख युक्ती आहे. बऱ्याच कॅडिसमाश्यांच्या कोषात अळीपणीच्या कातेचे कठीण तुकडे मागे उरलेले असतात. माशी बाहेर पडायच्या बेतात असताना तो कोष उघडला तर एकाच डबीत अळीचं डोकंही मिळतं आणि तयार नरही. ली यांच्याकडे एवढी एक डबी असती तर!

तरी मी दोन्ही शैली शेजारी ठेवल्या तर आजच्या वर्णनात एक गोष्ट हटकून कमी वाटते. त्यात प्राणी काय करतो हे बहुधा नसतं. टाचणीवरचा किंवा अल्कोहोलमधला नमुना काही करत नाही, म्हणून वाक्यंही काही करत नाहीत. त्यांत क्रियापद सापडणं मुश्कील. ली यांच्या शेऱ्यात क्रियापद आहे, आणि नेमकं तेच खरं ठरलं. वाळू गोळा करून घर बळकट करणारा प्राणी कंबरलंड नदीत खरोखर होता. त्याला पोटपाय नव्हता, सहा पाय होते.

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीही अशा लेखकांना थोडी सवलत दिली आहे. १९३१ पूर्वी एखाद्या प्राण्याच्या नुसत्या कामावरून, म्हणजे घरटं, जाळं, बीळ यांवरून ठेवलेलं नाव नियमात बसतं. त्यानंतर प्राणीच दाखवावा लागतो. मला हा नियम फार समंजस वाटतो.

कॅडिसच्या घरटेवाल्या अळ्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. प्रवाहातला दगड उलटला की खालच्या बाजूला वाळूच्या, काड्यांच्या, पानांच्या तुकड्यांच्या नळ्या दिसतात. कधी वाळूने मढलेलं एखादं इवलं वेटोळं सापडलं तर ते रिकामं असल्याची खात्री करून घ्या आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. शंख असेल तर चुनखडीवर बुडबुडे येतील. आपल्या काळ्या दगडाच्या वाळूचं घरटं असेल तर काहीच होणार नाही. आत कोणी राहत असेल, तर मात्र दगड होता तसा परत ठेवा.