सोनेरी आणि सोन्याचे : अमूर्त चित्रातील वर्खाचा प्रश्न

मराठीत ‘सोनेरी’ आणि ‘सोन्याचे’ ही दोन पदे वेगवेगळी कामे करतात. ‘सोनेरी’ हे पद साम्य सांगते, तर ‘सोन्याचे’ हे द्रव्य सांगते. सोनेरी ऊन सोन्याचे नसते, आणि सोन्याचे नाणे कितीही मळले तरी सोन्याचेच राहते. चित्रकलेच्या इतिहासात या दोन पदांमधील अंतर हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही अमूर्त चित्रकारांनी सोन्याचा वर्ख हाती घेतला, तेव्हा हा मिटलेला वाद पुन्हा उघडला गेला. कलाकृतीच्या स्वायत्ततेसंबंधी आस्था असणाऱ्या समीक्षेनेही त्याची दखल घ्यावी, इतके त्याचे महत्त्व आहे.

इ.स. 1400च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी याने चित्रकाराच्या कसबावर लिहिलेल्या ग्रंथात वर्ख चढवण्याची कृती सविस्तर दिली आहे. पांढरा लेप, त्यावर तांबड्या मातीचा थर, त्यावर वर्ख आणि शेवटी दगडाने वा जनावराच्या दाताने घोटाई, असा तो क्रम आहे. एका डुकाटातून शंभरांहून अधिक पाने काढू नयेत, असाही त्याचा आग्रह आहे. तेथे सोने आहे ते मोजून घेतलेले, किमतीचे सोने. पुढे 1435मध्ये लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने नेमका याच्या उलट विचार मांडला. सोन्याची चमक साध्या रंगांनी साधणाऱ्या चित्रकाराची प्रशंसा अधिक व्हावी, असे त्याने म्हटले. त्याच्या युक्तिवादात एक सूक्ष्म निरीक्षणही आहे. सपाट फलकावरील खरे सोने प्रकाशाच्या दिशेप्रमाणे जेथे उजळ दिसायला हवे तेथे काळवंडते, आणि जेथे गडद हवे तेथे झळाळते. म्हणजे सोने चित्रकाराच्या छायाप्रकाशाची आज्ञा मानत नाही. ‘सोनेरी’ हवे, ‘सोन्याचे’ नको, हा अल्बेर्तीचा निर्णय म्हणजे अनुकृतीच्या सिद्धान्ताने द्रव्यावर मिळवलेला विजयच होता. लक्षणीय गोष्ट अशी की, चित्राभोवतीच्या अलंकरणात मात्र त्याने खऱ्या सोन्याला मुभा दिली. सोने चित्रातून निघाले आणि चौकटीत जाऊन बसले.

अमूर्त चित्राने अनुकृती नाकारली, तेव्हा अल्बेर्तीच्या निषेधाचे कारणही उरले नाही. 1958मध्ये क्लेमंट ग्रीनबर्ग याने बायझंटाइन कला आणि आधुनिक अमूर्त चित्र यांच्यातील साम्य दाखवले. सुवर्णमय पृष्ठभाग आणि सपाटपणा यांच्या योगे दोन्ही ठिकाणी वास्तवाचा भरीवपणा विरघळतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. या मांडणीत सोने हे मुख्यतः दृश्य संवेदनेपुरतेच शिल्लक राहते. मराठी वाचकाला येथे मर्ढेकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवेदना आणि त्यांच्यातील संवाद, विरोध व समतोल या संबंधांवर सौंदर्याचा सिद्धान्त उभारताना मर्ढेकर कलाकृतीला व्यावहारिक मूल्यांपासून मुक्त करतात. परंतु वर्खाच्या बाबतीत ही मुक्ती साधते का, हा खरा प्रश्न आहे. निळा रंग कॅनव्हासवर आला की त्याची दुकानातील किंमत विसरली जाते. सोन्याची विसरली जात नाही. ते रंग असतेच, पण त्याच वेळी ते नाणे, दागिना आणि देवाचा मुकुटही असते.

या पेचाला तीन चित्रकारांनी दिलेली उत्तरे तपासण्यासारखी आहेत. रॉबर्ट राउशेनबर्ग याने 1953पासून वर्खाची काही लहान चित्रे केली. त्याच सुमारास त्याने मातीचेही चित्र केले, आणि त्यात बुरशी वाढू दिली. द्रव्य म्हणून माती आणि सोने एका पातळीवर आहेत, असा हा प्रस्ताव होता. परंतु ही समता मांडण्यासाठीही दोहोंमधील विषमता प्रेक्षकाला आधी ठाऊक असावी लागते. चित्र या विषमतेला प्रश्न करते, आणि त्याच वेळी तिच्यावरच उभे राहते.

ईव्ह क्लाइन याचे उत्तर अधिक नाट्यमय आहे. 1949–50मध्ये लंडनमधील एका चौकटी बनवणाऱ्या कारागिराकडे तो वर्खकाम शिकला होता. अल्बेर्तीने चौकटीत धाडलेले सोने 1960च्या सुमाराच्या त्याच्या एकसुवर्णी चित्रांत पुन्हा मध्यभागी आले. काही चित्रांत वर्खाची पाने अर्धवटच चिकटवलेली आहेत, त्यामुळे ती हवेच्या झुळुकीनेही थरथरतात. याहून पुढे जाऊन क्लाइनने ‘अमूर्त चित्रसंवेदनेचे प्रदेश’ सोन्याच्या मोबदल्यात विकले. घेणाऱ्याने पावती जाळायची, आणि क्लाइनने अर्धे सोने साक्षीदारांसमक्ष नदीत टाकायचे, असा विधी होता. जानेवारी 1962मध्ये इटालियन कादंबरीकार दीनो बुत्झाती याच्याबरोबर सेन नदीकाठी हा विधी पार पडला. यात विक्रय, दान आणि यज्ञ यांची सरमिसळ आहे. मात्र नदीत सोने टाकणे हे त्यागाचे चिन्ह ठरते, ते सोने मौल्यवान असल्यामुळेच. नदीत दगड टाकला असता तर विधी झाला नसता. क्लाइन सोन्याची सत्ता उलथवत नाही. तो ती उसनी घेतो आणि तिच्यावर स्वतःचा प्रभाव उभा करतो.

अ‍ॅग्नेस मार्टिन हिचे 1963चे ‘फ्रेंडशिप’ हे चित्र या दोघांहून वेगळ्या वाटेने जाते. सुमारे 190 सेंटिमीटर लांबीरुंदीच्या चौरस कॅनव्हासवर वर्ख चढवून त्यावर हाताने रेषांचे जाळे कोरले आहे. रोझालिंड क्राउस हिने 1979मध्ये अशा जाळीला अनुकृतीविरोधी, निसर्गाकडे पाठ फिरवणारा आधुनिक आकार म्हटले. मार्टिनच्या चित्रात मात्र जाळीचे काम निषेधापुरते मर्यादित नाही. प्रत्येक रेषेने वर्ख फाटतो आणि खालचा थर डोकावतो. सोन्याची अखंड चमक हजारो लहान घरांत वाटली जाते, आणि हाताची किंचित अस्थिरता त्या वाटपात उमटत राहते. ‘वर्ख’ या शब्दामागील ‘वरक’चा अर्थ पान, कागद असाही आहे. मार्टिन वर्खाला अक्षरशः पान मानते आणि त्यावर लिहिते. त्यामुळे सोन्याचे वैभव तपासले जाते ते ना मातीशी केलेल्या तुलनेने, ना नाशाने, तर श्रमाने. सोने येथे मौल्यवान राहते, पण चित्राचे मोल केवळ सोन्यावर अवलंबून राहत नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद ही सौंदर्यविचाराची दोन टोके मानली. वर्खाचे चित्र ही दोन्ही टोके एकाच पृष्ठभागावर आणते. ते संवेदनांची शुद्ध रचना म्हणून पाहावे तर सराफाचा तराजू आड येतो. केवळ वस्तू म्हणून पाहावे तर रचना हातातून निसटते. म्हणून कलाकृतीची स्वायत्तता ही आयती मिळालेली अवस्था मानणे चुकीचे ठरेल. ती लौकिक अर्थांशी झगडून, प्रत्येक कृतीत नव्याने मिळवावी लागते. हे शब्दांनाही लागू आहे, कारण कवितेत येणारा शब्दसुद्धा बाजारातून आणि देवघरातून वापरला जाऊनच आलेला असतो.

एक व्यावहारिक अडचण येथे नोंदवणे आवश्यक आहे. ही चित्रे मराठी अभ्यासकाला बहुधा छापील प्रतिकृतींमधूनच भेटतात. छपाईत वर्खाची हलती चमक मातकट पिवळी होऊन स्थिरावते. म्हणजे पुस्तकाच्या पानावर अल्बेर्तीचाच विजय झालेला असतो : ‘सोन्याचे’ पुन्हा ‘सोनेरी’ झालेले असते. अशा प्रतिकृतीवरून रूपाविषयीचे निष्कर्ष काढणारी समीक्षा ज्या द्रव्याने प्रश्न उभा केला तेच वगळून उत्तर शोधत असते, हे भान तिने बाळगले पाहिजे.