जकात संघ आणि भरपाईचा प्रश्न

काही राष्ट्रांनी एकत्र येऊन आपापसांतील जकाती कमी केल्या म्हणजे सर्वांचे कल्याण वाढतेच, ही समजूत जेकब वायनर यांनी १९५० साली खोडून काढली. सभासद राष्ट्राचा महाग माल बाहेरच्या स्वस्त मालाची जागा घेऊ लागला, तर व्यापार वाढत नाही, केवळ वळतो, हे त्यांनी दाखविले. १९७६ साली मरे केम्प व हेन्री वान यांनी या निराशेला उत्तर दिले. बाह्य जगाशी होणारा व्यापार पूर्वीइतकाच राहील अशा बेताने समान बाह्य जकात ठरविली आणि सभासदांत योग्य भरपाईची देवघेव झाली, तर कोणाचेही नुकसान न होता जकात संघ स्थापन करता येतो, असा त्यांचा सिद्धांत आहे.

सिद्धांत तर्कशुद्ध आहे. परंतु त्याचा बराचसा भार भरपाई या एकाच अटीवर आहे. भाईंदर येथील स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यावरून हे स्पष्ट होईल. उदाहरणादाखल असे मानावे की, जकात नसताना १०० रुपयांच्या भांड्यात ६० रुपयांचा पत्रा लागतो व ४० रुपयांत मजुरी आणि नफा भागतो. पत्रा व भांडी या दोहोंवर १० टक्के जकात असता हे ४० रुपये ४४ होतात. केवळ पत्र्यावरील जकात उठल्यास ते ५० होतात. केवळ भांड्यांवरील उठल्यास ३४ वर येतात. दोन्ही प्रसंगी जकात कमीच झाली. पण एकात कारखान्याची भरभराट, तर दुसऱ्यात त्याची पीछेहाट.

भारत व आसियान यांच्यातील मालव्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. तो मुक्त व्यापार क्षेत्राचा करार असल्याने त्यात समान बाह्य जकात नाही. नुकसान सोसणाऱ्या कारागिरासाठी भरपाईचा निधीही नाही. भरपाई मुळातच अशक्य असते असे नव्हे. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू करताना राज्यांना पाच वर्षे, वार्षिक १४ टक्के महसूलवाढ गृहीत धरून, भरपाईची कायदेशीर हमी देण्यात आली. मात्र ती हमी सरकारी तिजोरीला होती, पत्रा घडविणाऱ्या हातांना नव्हे.

केम्प–वान सिद्धांत कल्याणाची शक्यता सिद्ध करतो, प्रत्यक्ष कल्याण नव्हे. एखाद्या कराराच्या समर्थनार्थ तो पुढे करणाऱ्याने भरपाई कोण, कोणाला आणि कशी देणार, हे प्रथम सांगितले पाहिजे.