कंबर शिकते, कानांचं काय?

मोबाइलवर बेली डान्सचे नवशिक्यांसाठीचे धडे शोधले, की पहिले पाच-सहा व्हिडिओ साधारण सारखेच निघतात. गुडघे सैल, छाती वर, माकडहाड जमिनीकडे. मग हिप ड्रॉप, मग कमरेने हवेत काढलेला आडवा आठचा आकडा, मग शिमी. वीस मिनिटांत चार हालचाली, शेवटी त्या चारही एकापाठोपाठ जोडून दाखवायच्या आणि पुढच्या धड्याचं आमंत्रण. या धड्यांना नाव ठेवणं सोपं आहे. आधी त्यांचं श्रेय देऊ.

यातले चांगले धडे शरीर खरंच समजावून सांगतात. शिमी म्हणजे नितंब जोरजोरात हलवणं, हा बहुतेकांचा समज असतो. शिक्षिका दाखवते, की काम गुडघे करतात: एक सरळ, एक वाकलेला, आलटून पालटून. नितंब फक्त त्यांच्यामागे जातात. पाठीचा खालचा भाग आत दाबून मिरवलं तर कंबर दुखणार, हेही ती सांगते. व्हिडिओ अर्ध्या वेगाने बघता येतो, दहा वेळा मागे नेता येतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दार लावून घेता येतं. ज्या घरात कथकचा क्लास म्हटलं की कौतुक होतं आणि या नाचाचं नुसतं नाव काढलं तरी भुवया उंचावतात, तिथल्या मुलीसाठी हेडफोन आणि बंद दार ही छोटी गोष्ट नाही.

तरीही दोन-तीन महिने असे धडे केल्यावर हाती काय लागतं? हालचालींचा साठा. भाषा शिकायला गेलो आणि शब्दांची यादी पाठ करून आलो, असं काहीसं. याचं कारण शिकणाऱ्याच्या आळसात शोधण्यात अर्थ नाही, ते धड्याच्या रचनेतच आहे.

बहुतेक धडे एक ते आठ आकडे मोजत चालतात. आता इजिप्तच्या संगीतातला नेहमीचा ठेका घ्या, मकसूम. त्याचा बोल साधारण असा: दुम तेक, तेक दुम, तेक. दुम हा वाद्याच्या मधोमध पडणारा जड आघात, तेक हा कडेचा टणक. दुमवर वजन खाली जातं, तेकवर काहीतरी चमकून जातं. तुम्ही ढोलकीवर वाढला असाल तर हे कानाला लगेच कळेल. पण ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणताना दुम आणि तेक यांतला फरकच पुसला जातो, आठही मात्रा सारख्या होतात. त्यानंतर येते तकसीम. ठेका थांबतो आणि ऊद, नाय किंवा व्हायोलिन एकटंच सुरांशी खेळत राहतं. इथे मोजायला काही नसतंच. सूर जिथे रेंगाळेल तिथे अंगाने रेंगाळायचं. आकड्यांवर शिकलेली कंबर इथे गोंधळून उभी राहते.

थेट ऑनलाइन वर्गातही हे सुटत नाही. आवाज उशिरा पोचतो, म्हणून सगळ्यांचे माइक बंद. शिक्षिकेला चौकटीतलं शरीर दिसतं, पण ते तालात आहे का, हे तिला खात्रीने कळू शकत नाही. नाचाच्या शिक्षणातली मुख्य दुरुस्तीच तिथे होत नाही.

आणि शब्द? सुहैर झकी उम्म कुल्सुमच्या गाण्यांच्या सुरावटींवर नाचायची. ती गाणी समोरच्या प्रेक्षकांना तोंडपाठ असत. कुठल्या ओळीवर डोळे मिटायचे आणि कुठल्या ओळीवर नुसता खांदा उडवायचा, यात सगळी गंमत. बैठकीची लावणी ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी अदा बदलते. शब्द काढून टाका, उरतो ठुमका. रिअॅलिटी शोंनी लावणीचं बऱ्याचदा हेच केलं. या धड्यांनी रक्स शर्कीचं तेच केलं आहे.

हो, रक्स शर्की. म्हणजे पूर्वेकडचा नाच. ‘बेली डान्स’ हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. फ्रेंचांनी त्याला पोटाचा नाच म्हटलं आणि 1893च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर ते नाव अमेरिकेत चवीने चघळलं गेलं. आज आपण ज्याला बेली डान्स म्हणतो ते रंगमंचावरचं रूप बरंचसं कैरोत घडलं, बदिया मसाबनी हिने 1926 साली सुरू केलेल्या नाइटक्लबमध्ये. तहिया कारिओका आणि सामिया गमाल तिथूनच पुढे आल्या. एडवर्ड सईद यांनी किशोरवयात कैरोत तहियाला नाचताना पाहिलं होतं. 1990 साली तिच्यावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी जे टिपलं ते या धड्यांच्या नेमकं उलट आहे: ती जागची फारशी हलतच नव्हती, जणू जमिनीत अधिकाधिक रुतत होती. कमी हालचाल, जास्त वजन. आपल्याला मात्र दर मिनिटाला नवी स्टेप हवी असते.

ही नावं धड्यांत क्वचितच येतात. त्यांच्या जागी येतात कॅलरी आणि ‘पोट कमी करा’. ज्या नाचाला पोटाचं नाव दिलं, त्यात पोटच शत्रू ठरावं!

नावं गाळणं निरुपद्रवी नसतं. या बायकांनी नाचण्याची किंमत मोजली आहे. 1834 साली मुहम्मद अलीने सार्वजनिक ठिकाणी नाचणाऱ्या घवाझींना कैरोतून हद्दपार करून वरच्या इजिप्तकडे धाडलं. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. 2020 मध्ये कैरोच्या न्यायालयाने समा अल-मसरी या नर्तकीला सोशल मीडियावरच्या व्हिडिओंबद्दल तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पुण्यातली मुलगी ज्या पडद्यावर हा नाच निवांत शिकते, त्याच पडद्यामुळे कैरोतली नर्तकी तुरुंगात जाऊ शकते. हे माहीत असलेली मुलगी थोडी वेगळी नाचेल, असं मला वाटतं.

मग घरी शिकूच नये? उलट. या नाचाचं दुसरं रूप, रक्स बलदी, म्हणजे आपल्या मातीतला नाच, घरातच जगतो. इजिप्तमध्ये मुली तो आई-मावश्यांकडे बघत, लग्नाघरी, टाळ्यांच्या गराड्यात उचलतात. तिथे कुणी स्टेप मोजत नाही आणि कुणाचं पोट मोजत नाही. म्हणजे घर ही अडचण नाहीच. अडचण आहे एकटेपणाची: टाळी देणारं कुणी नाही, गाणं ओळखीचं नाही, समोर फक्त आपलीच छबी.

तेवढं बदलता येतं. धडा संपला की व्हिडिओ बंद करा. एकच गाणं आठवडाभर ऐका, शब्दांचा अर्थ शोधा, टाचेने नुसता दुम पकडा. 1949चा ‘अफ्रीता हानिम’ बघा आणि सामिया गमाल कुठे थांबते ते पाहा. मग एखाद्या मैत्रिणीला किंवा मामेबहिणीला खोलीत बोलवा, तिला ठेका धरायला सांगा आणि शिकलेल्या चारपैकी एकच हालचाल पूर्ण गाणंभर करा. कंटाळा आला तर समजा, अजून गाणं ऐकू आलेलं नाही.